इंग्रजी वाक्संप्रदाय आणि आपलीं मुलें

"गुरुजी, शब्द सगळे येतात, पण वाक्य कळत नाहीं." गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मजजवळ ही तक्रार केली. वाक्य होतें, 'ही पुट अप विथ दि रेन'. 'पुट' म्हणजे ठेवणें, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सह आणि 'रेन' म्हणजे पाऊस, हें त्याला ठाऊक होतें. या हिशेबानें त्यानें वहींत भाषांतर लिहिलें होतें : "त्यानें पावसासह वर ठेवलें." कोणीं, काय आणि कोठें वर ठेवलें, याचा उलगडा त्याचा त्यालाच होईना. वर्गांत हंशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. ताम्हिणीच्या बाजूस ज्याचें घर, आषाढाच्या झडींत गुडघाभर चिखलांत उभें राहून ज्यानें भाताची लावणी केली, त्या मुलाला पाऊस सोसणें म्हणजे काय हें शिकविण्याची आवश्यकता नव्हती. अर्थ त्यानें अंगावर झेलला होता. तोच त्या इंग्रजी शब्दांत आहे, एवढें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

या प्रसंगावरून मनांत जे विचार आले, ते विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे, म्हणून हा लेख.

इंग्रजी भाषा कठीण आहे ती तिच्या मोठमोठ्या शब्दांमुळें, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. खरी गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. मोठा शब्द एकदां पाठ केला म्हणजे तो सहसा दगा देत नाहीं. 'टॉलरेट' म्हणजे सहन करणें. हा शब्द आज पाहा, दहा वर्षांनीं पाहा, तो तेंच सांगेल. परंतु 'पुट' हा एवढासा शब्द केवढा बहुरूपी आहे! त्याच्या पुढें 'ऑन' आला कीं सदरा अंगांत घातला जातो. 'आउट' आला कीं दिवा विझतो. 'ऑफ' आला कीं सभा लांबणीवर पडते. 'बाय' आला कीं चार पैसे शिल्लक राहतात. आणि 'अप विथ' आलें कीं माणूस मुकाट्यानें सोसूं लागतो. 'गिव्ह', 'टेक', 'ब्रेक', 'लुक', 'सेट' यांचीही हीच तऱ्हा. त्यांत मौज अशी कीं, इंग्रज घरांत, बाजारांत व मैदानावर बोलतो तें याच लहान शब्दांनीं. मोठे शब्द तो बहुधा कागदासाठीं राखून ठेवतो. आमचा विद्यार्थी कागदावरची इंग्रजी शिकून बाजारांत जातो, आणि तेथें मुका होतो.

ही अडचण केवळ आपल्याच मुलांची आहे असें नाहीं. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश बाहेर काढला. क्रियापदाला लहानसें अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अधिक जड जाते, असें त्यांनीं त्याच्या प्रस्तावनेंत नमूद करून ठेवलें आहे. अशा जोड-क्रियापदांना आज 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. तें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत वापरलें, आणि तें ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें, असेंही त्यांनीं सांगितलें. म्हणजे भाषा शतकानुशतकें जें करीत आली, त्याला हें नांव मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. मुळशीच्या एखाद्या मुलाला तें एका सत्रांत जमलें नाहीं, तर त्यानें खिन्न होऊं नये.

मग उपाय काय? प्रचलित उपाय सर्वांस माहीत आहे. परीक्षेच्या आधीं दोनतीनशें संप्रदायांची यादी हातीं घ्यावयाची. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ. आणि रात्रभर घोकंपट्टी. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ही पद्धति व्यर्थ आहे. औषधांच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या पाठ केल्यानें कोणी वैद्य होत नाहीं. यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरली जाते, आणि जी विसरली जात नाहीं ती भलत्या ठिकाणीं तोंडांतून निघते. वाक्संप्रदाय हा शब्दांचा गठ्ठा नव्हे. तो एका जनसमूहाच्या जगण्याचा माग आहे. तो कोणत्या मातींत उगवला हें पाहिलें, आणि आपल्या मातींत त्याचा भाऊबंद कोणता हें शोधून काढलें, म्हणजे तो पाठ करावा लागत नाहीं. तो ओळखीचा होतो.

पावसाचेंच उदाहरण घेऊं. जोराचा पाऊस आला म्हणजे 'कॅट्स अँड डॉग्ज' पडत आहेत, असें इंग्रजींत म्हणतात. हीं मांजरें व कुत्रीं आकाशांत कोठून आलीं, याविषयीं त्यांच्या पंडितांतच एकमत नाहीं. आमचें मुसळ मात्र घरोघरीं होतें. ज्या मुलुखांत आंबेमोहोर पिकतो, जेथें घराघरांत उखळ होतें व पहांटे भात कांडला जात असे, तेथें जाड, सरळ धारांना मुसळाचीच उपमा सुचावयाची. तेव्हां कुत्र्या-मांजरांचें भाषांतर करूं नये. 'मुसळधार' म्हणावें आणि पुढें जावें.

इंग्लंडचे लोक बेटावरचे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशीं त्यांची सोयरीक. म्हणून त्यांचा गोंधळलेला माणूस 'ॲट सी' असतो. एकाच अडचणींत सांपडलेले दोघे 'इन दि सेम बोट' असतात. आणि कामांतील खाचाखोचा जाणणारा 'नोज दि रोप्स', म्हणजे गलबताचे दोर ओळखून असतो. आमचा मावळा गोंधळला म्हणजे समुद्रांत जात नाहीं. त्याला रानांत चकवा लागतो. कोणाचा पुरता मोड झाला म्हणजे त्याला त्याचें 'वॉटर्लू' भेटलें, असें इंग्रज म्हणतो. कारण १८१५ सालीं त्या रणांगणावर नेपोलियनचा निकाल लागला. आम्ही म्हणतों, त्याचें पानिपत झालें. कारण १४ जानेवारी १७६१ या दिवशीं महाराष्ट्राच्या घराघरांत कोणी ना कोणी परत आलें नाहीं. एकच भाव, दोन रणांगणें. ज्याला पानिपत ठाऊक आहे, त्याला वॉटर्लू समजावून देण्यास एक वाक्य पुरतें. ज्याला पानिपतच ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें दोन्हीं शब्द सारखेच मुके आहेत.

आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांना आणखी एक सोय आहे. बायबलांतील कथा त्यांच्या कानांवरून गेलेल्या असतात, आणि इंग्रजींतील कितीतरी संप्रदाय त्या कथांतूनच आलेले आहेत. विल्यम टिंडेल यांनीं सोळाव्या शतकांत केलेलें भाषांतर आणि त्याच्या आधारें १६११ सालीं निघालेलें राजा जेम्स यांच्या आज्ञेचें भाषांतर यांनीं इंग्रजी घरांची बोलीच घडविली. 'ॲट दि इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदीं शेवटच्या घटकेस. हा अकरावा तास आपल्या घड्याळांतील नव्हे. सूर्योदयापासून दिवसाचे बारा तास मोजण्याची ती जुनी रीत; अकरावा तास म्हणजे सूर्य मावळण्याच्या सुमाराची वेळ. द्राक्षमळ्याच्या धन्यानें त्या वेळीं कामावर घेतलेल्या मजुरांनाही पुऱ्या दिवसाची मजुरी दिली, ही कथा ज्याला आठवते, तो हा संप्रदाय जन्मांत विसरणार नाहीं. 'राइटिंग ऑन दि वॉल' हाही असाच. बेलशस्सर राजाच्या मेजवानींत भिंतीवर अक्षरें उमटलीं आणि त्याच रात्रीं त्याचें राज्य गेलें. त्याचें 'भिंतीवरील लिखाण' असें भाषांतर केलें, तर आमच्या वाचकाला वाटेल कीं कोणी निवडणुकीची जाहिरात रंगविली आहे!

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. दोन भाषांतील संप्रदाय पुष्कळदां चेहऱ्यानें जुळे भाऊ दिसतात आणि स्वभावानें वैरी निघतात. पिलातानें लोकांसमोर हात धुतले आणि येशूच्या रक्ताचा दोष आपल्यावर नाहीं असें सांगितलें. त्यावरून 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टींतून अंग काढून घेणें, हात झटकणें. आमच्याकडे मात्र 'वाहत्या गंगेंत हात धुऊन घेणें' म्हणजे संधि साधून आपला लाभ करून घेणें, आणि 'हात धुऊन मागें लागणें' म्हणजे पिच्छा न सोडणें! पाणी तेंच, हात तेच. पण एक अंग काढतो, दुसरा लाभ साधतो, आणि तिसरा पाठ सोडीत नाहीं. इंग्रजींत कोणाचा पाय ओढणें म्हणजे त्याची थट्टा करणें. मराठींत पाय ओढणें म्हणजे वर चढणाऱ्याला खालीं खेंचणें. 'कीप ॲन आय ऑन' म्हणजे नजर ठेवणें. 'डोळा ठेवणें' म्हणाल तर ती वस्तु तुम्हांला हवी आहे असा बोभाटा होईल. 'टेक टु हार्ट' म्हणजे मनाला लावून घेणें; 'मनावर घेणें' म्हणजे कामाला लागणें. जो विद्यार्थी रुसून बसला त्यानें तें मनाला लावून घेतलें, आणि जो उठून अभ्यासास लागला त्यानें मनावर घेतलें. दोघांत किती अंतर! कधीं कधीं मात्र आमची भाषा कमालीची काटकसर करते. इंग्रजाचा कान वेगळा बहिरा होतो आणि डोळा वेगळा आंधळा होतो. आम्ही तीं दोन्हीं कामें एका कानाडोळ्यांत उरकतों.

आतां पुन्हां जोड-क्रियापदांकडे वळूं. 'अप', 'ऑन', 'आउट', 'अवे' हीं इंग्रजी अव्ययें म्हणजे निव्वळ लहर आहे, त्यांत कांहींच नियम नाहीं, असें मुलांना वाटतें. परंतु आपलीं मुलें रोज हाच खेळ मराठींत खेळत असतात. फरक इतकाच कीं, इंग्रज क्रियापदाला अव्यय जोडतो आणि आपण क्रियापदाला क्रियापद जोडतों. 'ईट' म्हणजे खाणें. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणें. 'ड्राय' म्हणजे सुकणें; 'ड्राय अप' म्हणजे आटून जाणें. हा 'अप' काम तडीस नेतो, तेंच काम आपलीं 'टाकणें' आणि 'जाणें' करतात. 'गो ऑन' म्हणजे करीत राहणें. तेथें 'ऑन' जें करतो तें आपलें 'राहणें' करतें. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें. 'पॉइंट आउट' म्हणजे दाखवून देणें. 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणें. "मी बोलून गेलों" आणि "मी बोलून टाकलें" यांतील भेद मुळशींतील पांच वर्षांच्या मुलालाही कळतो : पहिल्यांत चूक झाली, दुसऱ्यांत ओझें उतरलें. एवढा सूक्ष्म भेद ज्याला उपजत कळतो, त्याला 'अप' आणि 'आउट' यांची भीति कां वाटावी? केवळ एवढ्यासाठीं, कीं जें त्याच्यापाशीं आहे तें आपण त्याला कधीं दाखवून दिलें नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यांनीं काय होणार? ज्याला असें वाटतें, त्यानें आपल्या घरांतील एखादें खरेदीखत काढून पाहावें. त्यांत दोन पक्ष असतात : एक 'लिहून देणार' आणि दुसरा 'लिहून घेणार'. 'लिहून' हा शब्द दोघांचा एकच. पण 'देणार' ज्याच्या नांवापुढें लागला त्याची जमीन गेली, आणि 'घेणार' ज्याच्या नांवापुढें लागला त्याच्याकडे ती आली. एका लहानशा क्रियापदावर बापजाद्यांचें शेत इकडचें तिकडे होतें. इंग्रजी कागदांतही तीच कथा : नुसतें 'साइन' म्हणजे सही करणें, आणि 'साइन अवे' म्हणजे सहीनिशीं हक्क सोडून देणें. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनासंबंधीं 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका पुण्याच्या परिसरांत सर्वांच्या तोंडीं आहे; खरी असो वा नसो, एका अक्षरानें धरावयाच्या माणसाचा मृत्यु होऊं शकतो, एवढा धडा तींत आहे.

मुळशीला हा धडा निराळ्या रीतीनें मिळाला आहे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या जलविद्युत् योजनेचें धरण बांधण्याचें ठरलें, आणि खोऱ्यांतील जमिनी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें घेतल्या जाऊं लागल्या. त्या इंग्रजी कायद्यांत 'पब्लिक पर्पज' असे दोन शब्द आहेत. ज्यांच्या पिढीजात जमिनी अशा कायद्यानें गेल्या, त्यांची भाषा ती नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रहास आरंभ झाला. त्याचे एक अग्रणी पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यानें त्यांना 'सेनापति' ही पदवी मिळाली. बापटांनीं एडिंबरो येथें शिक्षण घेतलें होतें. सरकारचा इंग्रजी कागद वाचून त्यांतील मेख ओळखणें त्यांना अवघड नव्हतें. परंतु त्या लढ्याची घोषणा इंग्रजी कागदांतून आली नाहीं. 'जान किंवा जमीन' हे तीन शब्द कोणाला समजावून सांगावे लागले नाहींत. १९२४ च्या सुमारास चळवळ ओसरली, धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. त्या लढ्याचे इतर धडे इतिहासकार सांगतील. भाषेच्या शिक्षकाला त्यांत एक धडा दिसतो. आपल्यावर चालून येणारा कागद वाचतां यावा म्हणून परकी भाषा हवी, आणि आपल्या माणसांना उभें करतां यावें म्हणून स्वतःची भाषा हवी. एकीनें भागत नाहीं.

१८९४ चा तो कायदा आतां राहिला नाहीं. २०१३ सालच्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. तालुक्याचें रूपही पालटलें. पश्चिमेस धरण व भातखाचरें, आणि पूर्वेस हिंजवडीच्या कांचेच्या इमारती, असा आजचा मुळशी तालुका आहे. त्या इमारतींत 'सेट-अप', 'बॅक-अप', 'फॉलो-अप' या शब्दांवांचून दिवस जात नाहीं. तेथें नोकरीस लागणाऱ्या तरुणाला 'टेक ऑन' म्हणजे कामावर घेणें आणि 'ले ऑफ' म्हणजे कामावरून कमी करणें, हा भेद पोटापाण्याचा आहे. आजोबांच्या वेळीं हा प्रश्न जमिनीचा होता, नातवाच्या वेळीं नोकरीचा आहे. लहान शब्दांची किंमत तेव्हांही मोठी होती, आजही आहे.

हें वाचून कित्येक पालक म्हणतील, "म्हणूनच आम्ही मुलांना पहिलीपासून इंग्रजींत घालतों, मराठी काय, घरींच येते." त्यांच्या तळमळीविषयीं मला आदर आहे, पण हा हिशेब चुकीचा आहे. मराठी घरीं येते ती जेवण्याखाण्यापुरती. तिचे संप्रदाय आजीच्या तोंडून, कीर्तनांतून, वाचनांतून यावयाचे; आणि तीं दारें हल्लीं एकेक करून बंद होत आहेत. ज्या मुलाला 'हात झटकणें' ठाऊक नाहीं, त्याला पिलाताच्या हात धुण्याचा अर्थ कशाच्या आधारें द्यावा? पाया न घालतां माडी चढविण्याचा हा उद्योग आहे. अशा मुलाची इंग्रजी पाठांतराची राहते आणि मराठी भाषांतराची होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली, ती मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीची चिंता वाहतच. दीडशें वर्षांनंतरही ती चिंता शिळी झालेली नाहीं.

परकी भाषा शिकावी कशी, याचा कित्ता पाहावयाचा असेल तर तो मराठी शिकलेल्या इंग्रजांनींच घालून दिला आहे. मोल्सवर्थ यांनीं कँडी बंधूंच्या व मराठी शास्त्र्यांच्या साहाय्यानें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, आणि १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. त्यांत नुसते शब्द नाहींत. शब्दाबरोबर त्याचे संप्रदायही आहेत. मिशनरी मॅनवॉरिंग यांनीं मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी अर्थांसह १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें छापविला. या लोकांनीं आपली भाषा टाकून मराठी धरली नाहीं. एक हात आपल्या भाषेच्या खांबाला ठेवून दुसरा हात पुढें केला. त्यांनीं आमच्या भाषेसाठीं जें केलें, तें त्यांच्या भाषेसाठीं आपणांस कां करतां येऊं नये?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला माझें सांगणें थोडकें आहे. आजच एक कोरी वही घ्या आणि तिचीं दोन सदरें करा. इंग्रजी संप्रदाय वाचनांत किंवा बोलण्यांत आढळेल त्या दिवशीं तो संपूर्ण वाक्यासह एका सदरांत लिहा. सुटा कधींही लिहूं नका. दुसऱ्या सदरांत अर्थ लिहूं नका. आपल्या गांवांत तीच गोष्ट कशी म्हणतात तें लिहा. तुम्हांला ठाऊक नसेल तर आईला विचारा, आजीला विचारा, बांधावर काम करणाऱ्या काकांना विचारा. रोज एक, म्हणजे वर्षाला तीनशें साठांच्या वर झाले. आणि ते घोकलेले नसून मिळविलेले असतील. पालकांस विनंति एवढीच कीं, मुलगा वही घेऊन तुमच्यापाशीं येईल तेव्हां "मला इंग्रजी येत नाहीं" म्हणून त्याला परत पाठवूं नका. तो तुमच्याकडे इंग्रजी मागावयास आलेला नाहीं. तुमच्यापाशीं जें आहे तेंच त्याला हवें आहे.

ज्या विद्यार्थ्यानें "पावसासह वर ठेवलें" असें लिहिलें होतें, त्याला मी घरीं जाऊन आजीला विचारण्यास सांगितलें : पावसाचा फार त्रास झाला आणि तरी काम सोडतां येत नसलें, तर काय म्हणावें? दुसऱ्या दिवशीं त्याच्या वहींत, खोडलेल्या ओळीखालीं, आजीचे शब्द होते : "पाऊस अंगावर काढला." याहून चांगलें भाषांतर मला तरी सुचलें नसतें.